सत्कार पुरे, आता थोडे ऐका

जून महिना आला की आमच्या बडोद्यात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक पाऊस आणि दुसरी गुणवंतांचे सत्कार. पावसाचा अलीकडे भरवसा राहिलेला नाही, सत्कारांचा मात्र आहे. ज्ञातीची मंडळे, पतपेढ्या, सोसायट्या, गणेशोत्सववाले, क्लासवाले, ज्याच्या त्याच्या हातात शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह! दहावीला नव्वदच्या वर टक्के मिळविलेले पोर व्यासपीठावर उभे केले जाते. निवेदक विचारतो, "तुझ्या लहान भावंडांना काय संदेश देशील?" ते सांगते : नियमित अभ्यास, आईवडिलांचे आशीर्वाद, गुरुजनांचे मार्गदर्शन. अलीकडे त्यात 'मोबाइलपासून दूर राहा' एवढी भर पडली आहे. टाळ्या होतात. पुढच्या वर्षी पोर बदलते, संदेश तोच राहतो.

या मुलांविषयी माझ्या मनात आकस नाही. त्यांनी कष्ट केलेले असतात आणि त्या कष्टांचे कौतुक व्हायलाच हवे. माझे भांडण आहे ते त्यांना संदेश विचारणाऱ्यांशी. ज्याचा निकाल लागून पंधरा दिवस झाले, ज्याने पुढच्या वर्गाचे तोंडही पाहिलेले नाही, त्याला पुढचे काय ठाऊक? परीक्षा कशी द्यावी एवढे तो सांगू शकेल. त्या परीक्षेचा पुढे कितीसा उपयोग झाला, हे सांगण्याची त्याची वेळ अजून यायची आहे. ज्याची ती वेळ आलेली असते तो मुलगा त्या दिवशी सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसलेला असतो, नाहीतर आलेलाच नसतो. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गणितात एटीकेटी घेऊन बसला आहे, आणि कोणी चौकशी केली तर आई "चाललंय त्याचं" म्हणून विषय बदलते. तीन वर्षांपूर्वी शाल मात्र त्यालाही मिळाली होती.

मी एका हायस्कूलचा मुख्याध्यापक आहे. इकडे या पदाला 'आचार्य' म्हणतात. शब्द भारदस्त आहे, काम तेच : दाखले, प्रवेश, पालकांच्या तक्रारी. शाळा गुजराती माध्यमाची, परंतु प्रत्येक वर्गाच्या हजेरीपटावर दहाबारा तरी मराठी आडनावे असतात. गेली काही वर्षे मी दिवाळीच्या एकवीस दिवसांच्या सुट्टीत एक साधा कार्यक्रम करतो. आमच्याच शाळेतून गेलेली आणि आता कॉलेजात असलेली आठदहा मुलेमुली बोलावतो. पहिला आलेला आणि नापास झालेला, दोन्ही हवेत असा माझा आग्रह असतो. त्यांना नववी-दहावीच्या मुलांसमोर बसवतो. पालक नाहीत, शिक्षक नाहीत, मीही माझ्या खोलीत जाऊन बसतो. प्रत्येकाला एक कोरा कागद दिलेला असतो. प्रश्न एकच : नववीतला तू आज शाळेच्या फाटकाशी भेटलास, तर त्याला काय सांगशील? ते लिहितात, मुलांना वाचून दाखवतात आणि कागद माझ्याकडे ठेवून जातात. नाव घालण्याची सक्ती नाही, बहुतेक जण घालत नाहीत. हे कागद आता एका जाड फायलीत जमले आहेत, आणि पुढे जे लिहिणार आहे ते त्या फायलीच्या आधाराने.

सीमाभागातल्या वाचकाला वाटेल, बडोद्याचे आम्हाला काय? बेळगावच्या, निपाणीच्या घरात मराठी-कानडी-इंग्रजीचे जे त्रांगडे आहे, तेच आमच्याकडे मराठी-गुजराती-इंग्रजीचे आहे. फरक असलाच तर एवढा, की महाराष्ट्रात आणि कर्नाटकात दहावी झाली की मूल 'कॉलेजात' जाते, आमच्याकडे ते बारावीपर्यंत शाळेच्याच गणवेशात असते. त्यामुळे कॉलेज म्हणजे काय याचा धक्का त्याला दोन वर्षे उशिरा बसतो, पण जोरात बसतो.

आता फायलीकडे वळतो. आधीच सांगून टाकतो, की कॉलेजची मुले सांगतात ते सगळेच शहाणपणाचे नसते. कोणत्या क्लासच्या नोट्स चांगल्या, कोणते धडे सोडले तरी चालते, असले सल्लेही त्यात असतात. पाचांतले दोन कागद मी स्वतः बाजूला ठेवतो. राहिलेल्या तिनांत मात्र एक गोष्ट इतक्या वेळा येते, की ती लिहिणारी मुले एकमेकांना ओळखत नाहीत यावर विश्वास बसू नये. ती गोष्ट अशी : 'समजले नाही' असे म्हणायला शिक.

एका मुलाने लिहिले होते, की पहिल्या वर्षी प्राध्यापक दर तासाला शंका विचारायला सांगत. त्याच्या मनात शंका असे, पण तिचे इंग्रजी वाक्य जुळेपर्यंत तास संपे. गुजरातीत विचारावे तर हसतील, आणि मराठीत तर त्याने गणिताचा एकही प्रश्न जन्मात विचारलेला नव्हता. मराठी फक्त जेवणाला आणि भांडणाला. सहा महिने हा मुलगा शंका पोटात घेऊन हिंडला आणि मग तीन विषयांत राहिला. हा मंद मुलगा नव्हता. दहावीला त्याला गणितात ब्याण्णव गुण होते.

हे कसे होते, ते पाहावे. आमच्याकडचे मूल भौतिकशास्त्रात 'प्रवेग' शिकते. बापाने महाराष्ट्रात शिकताना त्यालाच 'त्वरण' म्हटलेले असते. कॉलेजात गेल्यावर त्याचे 'अ‍ॅक्सिलरेशन' होते. पाचवीतल्या मुलाला आजोबा लसावि शिकवायला बसतात, तर मूल सांगते आमच्या बाई लसाअ म्हणतात, तुमचे चूक आहे. आजोबा गप्प बसतात. वास्तविक दोन्ही एकच. ते एकच आहे हे मुलाला समजावून सांगणे, म्हणजेच त्याला ती कल्पना पक्की करून देणे. पण त्याऐवजी आपण काय करतो? "आजोबा, तुम्ही राहू द्या, त्याचा गोंधळ होईल," असे म्हणून आजोबांना उठवतो आणि ट्यूशन लावतो. ट्यूशनमध्ये व्याख्या पाठ होते. पाठांतराला गुजरातीत गोखणपट्टी म्हणतात, मराठीत घोकंपट्टी. बाकी कशाबद्दल नाही तरी याबाबतीत दोन्ही भाषांचे एकमत आहे.

पहिल्याच सत्रात कॉलेज सोडून घरी परतलेला एक विद्यार्थी गुजरातेत सर्वांना ठाऊक आहे. १८८८ साली भावनगरच्या शामळदास कॉलेजात दाखल झालेल्या मोहनदास गांधींना तिथले काही समजेना. दोष प्राध्यापकांचा नव्हता, आपणच कच्चे होतो, असे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. त्याआधी शाळेत भूमिती इंग्रजीतून सुरू झाली तेव्हाही त्यांची अशीच त्रेधा उडाली होती. सत्कार समारंभातल्या भाषणांत गांधीजी येतात, आत्मकथेतले हे पान येत नाही.

यावर पालकांचे उत्तर तयार असते : म्हणूनच आम्ही बालवाडीपासून इंग्रजी माध्यम घेतले! त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली झाले, हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू, आणि तिथले शिक्षणाचे माध्यम इंग्रजी. बडोद्याच्या मुलाला इंग्रजी टाळून चालणार नाही, आणि माझ्या फायलीतल्या निम्म्या कागदांवर 'इंग्रजी सुधार' हे आहेच. ते मी लपवत नाही. परंतु याच फायलीत इंग्रजी माध्यमातून बारावी करून आलेल्या भावंडांचीही हकिगत आहे. त्यांचीही वाक्ये प्राध्यापकांसमोर जुळत नाहीत! दहा-बारा वर्षे इंग्रजीतून शिकलेली मुलगी लिहिते, की शाळेत तिने गाइडमधले निबंध सोडून स्वतःचा एक परिच्छेद कधी लिहिला नव्हता. कोणी लिहायला सांगितलाच नाही. तेव्हा प्रश्न माध्यमाचा आहे त्याहून अधिक या गोष्टीचा आहे, की मुलाजवळ अशी एक तरी भाषा आहे काय, जिच्यात ते न अडखळता विचारू शकेल, चुकू शकेल, वाद घालू शकेल? अशी एक भाषा असली की तिच्या आधाराने दुसरी येते, तिसरीही येते. एकही नसली तर तीन अर्ध्या भाषा घेऊन मूल कॉलेजात जाते, आणि तीन अर्ध्या मिळून दीड होत नाही.

भाषा जास्त झाल्या म्हणून गोंधळ होतो, ही समजूतही आपण सोडून द्यावी. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून १८७५ साली बारा वर्षांचा गोपाळ बडोद्याला दत्तक आला, तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चारही भाषा त्याला त्यानंतर शिकविल्या गेल्या. त्याच सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १८९० साली त्यांनी कलाभवन काढले, त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. तिथे रंगकाम, यंत्रकाम असले विषय देशी भाषेतून शिकवावेत, हा तर त्या संस्थेचा पायाच होता. दादासाहेब फाळके तिथे शिकून गेले. त्याच कलाभवनाची आज तंत्रविद्या शाखा झाली आहे, आणि तिथल्याच वर्गात आमचा तो ब्याण्णव गुणांचा मुलगा सहा महिने तोंड मिटून बसला होता.

दुसरी गोष्ट जी फायलीत वारंवार येते ती निवडीची. दहावीनंतर विज्ञान प्रवाह की सामान्य प्रवाह, आणि विज्ञान घेतले तर 'ए' ग्रुप की 'बी' ग्रुप, हा निर्णय आमच्याकडे निकालाच्या दिवशी रात्री, जेवणाच्या पाटावर, काका-मामांच्या फोनवर होतो. एका मुलीला त्र्याऐंशी टक्के होते. "एवढे टक्के घेऊन कॉमर्सला जातात का?" या एका वाक्यावर तिला विज्ञानात घातले. दोन वर्षांच्या क्लासच्या फीसाठी आईच्या पाटल्या गेल्या. बारावीला ती कशीबशी निघाली आणि आज ती बी. कॉम.च करते आहे, आनंदाने करते आहे. तिने कागदावर लिहिले, की नववीतल्या मला मी सांगेन, त्या रात्री बोल. पाटल्यांचा उल्लेख तिने कंसात केला होता.

कोणाला माहीत असते दुसरे काही? आमच्या सयाजीगंजच्या पलीकडे विद्यापीठाची ललितकला शाखा आहे, १९५० पासूनची. ना. श. बेंद्रे यांनी तिथे वर्षानुवर्षे शिकविले. देशाच्या कानाकोपऱ्यातून मुले तिथे प्रवेशासाठी येतात. दांडिया बाजारात राहणारी, वहीच्या प्रत्येक समासात चित्रे काढणारी आमची एक विद्यार्थिनी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मैत्रिणीबरोबर तिथले प्रदर्शन पाहायला गेली, तेव्हा तिला कळले की याचेही शिक्षण असते. घरापासून दोन किलोमीटर! पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत रुजू झालेला तिचा वर्गबंधू मात्र समाधानी आहे. त्याला अर्थात कोणी सत्काराला बोलावले नाही.

घरच्यांनी विषय ठरवायचे आणि मुलाने ते घ्यायचे, ही रीत जुनीच आहे. याच बडोद्यात विनायक नरहर भावे नावाचा मुलगा हायस्कुलात होता. आईची इच्छा त्याने संस्कृत घ्यावे अशी, वडिलांची फ्रेंच घ्यावे अशी. मुलाने फ्रेंच घेतले. पुढे त्याच्या आईला गीता समजून घ्यावीशी वाटली, पण संस्कृत येत नव्हते. मुलाने वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली, तीही तिला अवघड गेली. तेव्हा ती माउली म्हणाली, की मग तूच का लिहीत नाहीस? १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईस निघालेला हा मुलगा वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला गेला. संस्कृत तो पुढे आपल्या बळावर शिकला. आई १९१८ साली गेली, आणि तिने मागितलेली मराठी गीता, 'गीताई', १९३२ साली छापून निघाली. (पालकांनी घाबरू नये, मी कोणाच्याही मुलाला सुरतेला उतरायला सांगत नाही.) सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेला गेलेल्या भीमराव आंबेडकरांना तर शाळेत संस्कृत नाकारले गेले म्हणून पर्शियन घ्यावे लागले होते. त्यांनीही संस्कृत पुढे स्वतःच्या कष्टाने मिळविले. ही माणसे मोठी म्हणून ते निभावले. आपण आपल्या घरच्या साध्या मुलाविषयी बोलत आहोत, त्याला एवढा वळसा परवडत नाही.

आता आपल्या मराठी अभिमानाविषयी थोडे. साहित्य संमेलन बडोद्यात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ असे चार वेळा झाले. ही यादी आमच्याकडे कोणत्याही कार्यक्रमात ऐकायला मिळते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. परंतु २०१८ च्या मांडवात हिंडणाऱ्या आजीआजोबांपैकी किती जणांच्या नातवंडांना अध्यक्षांचे छापील भाषण वाचता आले असते? लिपीची अडचण नाही, हिंदीमुळे देवनागरी त्यांना येते. अडचण ही आहे, की घरात मराठीचे पुस्तक नाही, आणि असले तर ते कपाटात वरच्या फळीवर आहे. "मराठी काय, घरात बोलतोच की," हे वाक्य मी शेकडो पालकांकडून ऐकले आहे. काय बोलता? "चोपडी उघड", "वांधा नाही", "जेवून घे". यात मुलाला कोठे वाद घालता येतो? कोठे त्याला 'मला हे पटत नाही, कारण' असे वाक्य सुरू करावे लागते? गुजरातेत २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी सर्व शाळांत गुजराती शिकवणे सक्तीचे झाले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ज्या मातीत राहतो तिची भाषा यायलाच हवी. पण मराठीची काळजी सरकार घेणार नाही, शाळाही फारशी घेणार नाही. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठी-गुजरातीसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली. आमच्याकडचे मूल त्यातल्या कोणत्या भाषेच्या वर्गात बसेल, असे मी एका पालक सभेत विचारले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागून एक गृहस्थ म्हणाले, "सर, तशी वेळ येणार नाही."

क्लासवाल्यांविषयी फार लिहीत नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या : सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, गुणांची आणि क्रमांकांची खोटी हमी देऊ नये. फलक आजही रस्तोरस्ती आहेत, त्यांवर हसरे चेहरे आहेत. तेच चेहरे दोन वर्षांनी काय म्हणतात, ते माझ्या फायलीत आहे, फलकावर नाही.

एका सद्गृहस्थांनी मला विचारले, की एकोणीस वर्षांच्या पोराला काय अक्कल? तो मजा कर म्हणूनच सांगणार. त्यांना मी फायलीतले वीस कागद वाचायला दिले. मजा कर असे एकानेही लिहिलेले नव्हते. दोघांनी खेळणे सोडू नकोस असे लिहिले होते, एकाने आजीशी बोलत जा असे. बाकीच्यांचे तेच : विचार, स्वतःच्या शब्दांत लिही, घरी खरे सांग. गृहस्थ कागद परत देताना म्हणाले, "हे आमच्या पिंटूच्या वर्गातले आहेत का?" पिंटूचा कागदही त्यांत होता. त्यावर नाव नव्हते आणि मी सांगितले नाही.

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना माझे म्हणणे एवढेच आहे, की सत्कार करायचाच तर दहावीच्या मुलाशेजारी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा बसवा, त्याचे टक्के विचारू नका, आणि त्याला दहा मिनिटे द्या. 'संदेश' हा शब्द मात्र वापरू नका, त्या शब्दाने मुलांची भाषा बिघडते. आणि पालकांना : हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा घरात, शेजारी, नात्यात कॉलेजची मुले सुट्टीला आलेली असतील. फराळाच्या वेळी तुमच्या नववी-दहावीच्या मुलाला त्यांच्यापाशी तासभर बसवा आणि तुम्ही स्वयंपाकघरात जा.

"आणि मग त्याने येऊन सांगितलं, की मला सायन्स नको, तर?" असे एका आईने मला गेल्या वर्षी विचारले. मी म्हटले, ताई, तर ऐकून घ्या. जूनला अजून सात महिने आहेत.